भाला मोडलेला मावळा : दिवाळी विशेष लघुपटाच्या प्रकल्प नोंदी, सातारा

२ ऑगस्ट २०२५

मातीचा मावळा हाताने थोडा थोडा हलवत, एकेक फोटो काढून फिल्म करायची (स्टॉप-मोशन). गोष्ट एका ओळीत पक्की झाली. गेल्या वर्षीच्या खोक्यात राहिलेला, भाला मोडलेला मावळा नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर पणती चढवतो. दुसरं पात्र नाही, लढाई नाही. पोरं किल्ला करताना नव्या मावळ्यांना पुढे उभं करतात आणि मोडका बुरुजामागे लपवतात, हे साताऱ्यात कुठल्याही अंगणात दिसतं. त्या बुरुजामागच्याचीच ही गोष्ट.

लांबी ३ मिनिटं २० सेकंद, म्हणजे २०० सेकंद. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, पण एक पोझ दोन फ्रेम ठेवायची, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. नावांचे १६ सेकंद आणि किल्ल्यावरचा हळीव उगवण्याचे ८ सेकंद वजा केले की हाताने हलवायचे १७६ सेकंद उरतात. त्यांचे २,११२ फोटो. दोघांनी रोज संध्याकाळी पाच तास दिले तर ९० ते १०० पोझ होतात, त्याहून जास्त ओढलं की हात घाई करतो आणि ते पडद्यावर दिसतं. २२ दिवसांचं शूटिंग धरलं. वसुबारस १७ ऑक्टोबरला, त्या रात्री वाड्याच्या अंगणात दाखवायचं.

५ ऑगस्ट

सणासाठी केलेले जुने लघुपट आवाज बंद करून आणि घड्याळ लावून पाहिले. काय गोड आहे हे सगळ्यांनाच कळतं. ते कशामुळे, हे फ्रेम मोजल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेत ६ डिसेंबर १९६४ ला टीव्हीवर आलेला लाल नाकाच्या रेनडिअरचा पपेटपट. त्याचं पपेट हलवण्याचं काम जपानमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं. हालचाल अडखळती आहे, फर फ्रेमगणिक थरथरते, आणि तरी तो पुढे दरवर्षी दाखवला गेला. थरथर हा दोष धरून काढायला जाऊ नये, ही पहिली नोंद.

९ डिसेंबर १९६५ चा, व्यंगचित्रातल्या चार्ली ब्राउन या मुलाचा नाताळ. त्यात प्रेक्षकांचं रेकॉर्ड केलेलं हसू नाही, आवाज खऱ्या मुलांचे आहेत, संगीत विन्स ग्वाराल्डीच्या पियानोचं. ज्या मुलीला अजून वाचता येत नव्हतं तिला वाक्य तुकड्यातुकड्याने सांगून म्हणवून घेतलं होतं, आणि ती तुटक लय तशीच राहिली आहे. हसू लावलं नाही म्हणून विनोदानंतर शांतता उरते, आणि त्या शांततेत पात्र एकटं दिसतं. आमच्या मावळ्याला हेच हवं आहे.

२६ डिसेंबर १९८२ ला ब्रिटनच्या चॅनल फोरवर आलेला 'द स्नोमॅन'. २६ मिनिटं, पात्रं बोलत नाहीत, शब्द फक्त एका गाण्यात. रंगीत खडूची रेघ प्रत्येक चित्रात थोडी वेगळी पडते, त्यामुळे स्थिर बर्फसुद्धा श्वास घेतो.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून फिल्म्स डिव्हिजनचं १९७४ चं 'एक अनेक और एकता'. विजया मुळे यांचं काम, चित्रं भीमसेन यांची. पंधरा ऑगस्टला दूरदर्शनवर पाहून दोन पिढ्यांना गाणं पाठ झालं. सणाच्या फिल्मचं यश पहिल्या दिवशी मोजायचं नसतं. ती दरवर्षी परत पाहिली जाणार, म्हणून तिच्यात धक्का नको, पुन्हा भेटावीशी वाटणारी दोन-तीन ठिकाणं हवीत. दिवाळी अंकाची सवय मराठी घरांना १९०९ च्या 'मासिक मनोरंजन'पासूनची आहे. दिवाळीची स्वतःची छोटी फिल्म अशीही सवय लागावी, ही मनापासूनची इच्छा.

९ ऑगस्ट

स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांत मांडलेली गोष्ट, ३१ चित्रांचा. मोबाइलवर फोटो काढून प्रत्येक चित्राला त्याचे सेकंद दिले आणि सलग पाहिला. चढण लांबली होती, ४८ सेकंद. ३३ वर आणली. उरलेल्यातले काही सेकंद थांबण्याला दिले.

आठ ठिकाणी मावळा नुसता थांबतो. मिळून ३४ सेकंद. इथे एकच फोटो ताणायचा नाही, चित्र मेल्यासारखं दिसतं. पोझ न हलवता १५ फोटो घ्यायचे, मध्ये दर तीन फोटोंनी मातीला बोटाने अगदी हलका स्पर्श करायचा, आणि ते उलटसुलट फिरवायचे. माती जिवंत राहते. हे धरून पोझ १,८२४ वर आल्या, म्हणजे १९ दिवस. तीन दिवस हाताशी राहिले.

१७ ऑगस्ट

मावळ्याची उंची १४ सेंटिमीटर. सांगाडा ॲल्युमिनियमच्या तारेचा. दोन मिलिमीटरची एक तार घेण्यापेक्षा एक मिलिमीटरच्या तीन तारा पिळून घेणं बरं, कारण एक तुटली तरी शॉट संपेपर्यंत दोन धरून ठेवतात. पीळ हँड ड्रिलमध्ये तारेची टोकं अडकवून सावकाश द्यायचा. फार घट्ट पिळली की तार तिथेच कडक होते आणि वाकवताना तुटते.

छाती, कंबर, मांडी, नडगी यांना एम-सीलचे गोळे, सांधे मोकळे. पायात तीन मिलिमीटरचा नट एम-सीलमध्ये गाडला. खालून फळीच्या भोकातून बोल्ट येतो आणि पाय धरून ठेवतो. याशिवाय एका पायावर उभं राहणं अशक्य. नट बसवताना त्याच्या आट्यांत एम-सील शिरतं, म्हणून आधी बोल्टाला व्हॅसलीन लावून तो नटात फिरवून ठेवावा, सुकल्यावर काढावा.

दोन सांगाडे केले. तिसरा पाहिजे होता, हे पुढे कळेलच.

२४ ऑगस्ट

अंग शाडूचं करून पाहिलं. दोन तासांत घोट्याला भेगा. शाडू पाण्याची माती, ती वाळणारच. तेलातली माती घेतली, ती वाळत नाही. पांढऱ्या अंगरख्याच्या मातीत चिमूटभर पिवळी मळली. निव्वळ पांढऱ्यावर बोटांचा मळ तिसऱ्या फोटोलाच दिसतो. पांढऱ्याला हात लावायचा तर आधी हात पुसायचे, मग पांढरं, मग लाल मुंडासं, शेवटी काळा जोडा. क्रम उलटा झाला की अंगरखा खराब.

चेहऱ्यावर चर्चा बरीच झाली. बाजारातल्या मावळ्याला तोंड म्हणजे रंगाची एक रेघ. तीच ठेवली. निक पार्कच्या फिल्ममधल्या मातीच्या कुत्र्याला, ग्रोमिटला, तर तोंडच नाही, भुवया आणि डोळेच सगळं बोलतात. मावळ्याला मातीच्या पापण्यांचे तीन जोड केले: उघड्या, अर्ध्या, मिटलेल्या. पापणी मिटायला एक फोटो, मिटलेली दोन फोटो, उघडताना अर्धी एक फोटो. मान वळवताना पापणी मिटली की नजर खरी वाटते. समोर पाहत असताना उगाच मिटली तर पेंग आल्यासारखी दिसते.

अंगरख्यावर अंगठ्याचे ठसे उमटतात. ते गुळगुळीत करायचे नाहीत. पडद्यावर ते चुळबुळतात आणि कोणीतरी हे हाताने हलवलं आहे हे सांगतात. फक्त चेहऱ्यावरचे पुसायचे, तिथे ते चेहऱ्याचे भाव झाकतात.

६ सप्टेंबर

विसर्जन. गेले दहा दिवस शूटिंगची चाचणीसुद्धा नाही. माडीवर कॅमेऱ्याचं तिकाटणं (ट्रायपॉड) लावून पाहिलं होतं, पण माडीची जमीन लाकडी तुळयांवर आहे. कोणी जिन्यावर पाय ठेवला तरी चौकट हलते, ढोल तर दूरच. सगळा संसार खाली पडवीत आणला, तिथे फरशी दगडी आहे. तिकाटण्याचे पाय फरशीला हॉट ग्लूने चिकटवले.

८ सप्टेंबर

किल्ला. बैठक १२० बाय ९० सेंटिमीटर, १८ मिलिमीटरचा प्लाय, चालण्याच्या वाटेवर दर दोन सेंटिमीटरला भोक. किल्ल्याचं रूप साताऱ्यावरच्या अजिंक्यतारा गडाचं: माथा सपाट, माथ्याखाली काळ्या कातळाचा पट्टा, मग उतार, दोन बुरुजांमधला दरवाजा, आणि वर एका अंगाला मंगळाईचं देऊळ.

अंगणातला किल्ला विटा, दगड आणि चिखलात बुडवलेल्या गोणपाटाचा असतो. शूटिंगला तो चालत नाही, कारण चिखल वाळताना आक्रसतो आणि चार तासांत बुरुज तीन मिलिमीटर खाली बसतो. पडद्यावर किल्ला सहा-सात सेकंदांत खचताना दिसेल. म्हणून आत थर्माकोल, वर कोंबडीच्या खुराड्याची जाळी, त्यावर गोणपाट, आणि त्यावर हा लगदा: चाळलेली तांबडी माती चार वाट्या, फेविकॉल एक वाटी, पाणी एक वाटी, मूठभर लाकडाचा भुसा. थर पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको.

मागच्या बाजूला हात जाईल एवढं भगदाड ठेवलं. माथ्यावरचा मावळा पुढून हलवायला गेलं की कोपर दरवाजाला लागतं.

१४ सप्टेंबर

लगद्याला उजव्या बुरुजावर भेगा. पावसाळी हवेत वरचं कातडं सुकलं आणि आतलं ओलं राहिलं. पंखा लावून घाईने सुकवणं हीच चूक होती. भेगांत तोच लगदा भुसा वाढवून भरला आणि ओलं फडकं टाकून तीन दिवस सावकाश वाळवला. डाव्या बुरुजाची एक बारीक भेग तशीच ठेवली, ती अगदी अंगणातल्या किल्ल्यासारखी दिसते.

मागच्या पडद्यावर खऱ्या अजिंक्यताऱ्याची पहाटेची काळी आकृती रंगवली. त्यावरच्या टॉवरच्या जागी लाल एलईडी, १२ फोटो चालू, १२ बंद. मातीच्या किल्ल्यामागे खरा किल्ला, आणि त्याच्यावर एवढासा लाल ठिपका. ही चौकट सगळ्यांना आवडली.

१८ सप्टेंबर

कॅमेऱ्याची चाचणी. फोकस, पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स), उजेडाचं माप (एक्स्पोझर), सगळं हाताने. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००, लेन्सच्या झडपेचं तोंड एफ ८, शटर अर्धा सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर फार जलद ठेवलं तर प्रत्येक फोटो वेगळ्या क्षणी पकडला जातो आणि चित्र लुकलुकतं. अर्ध्या सेकंदात ५० फेऱ्या पूर्ण बसतात.

तरीही लुकलुक राहिली. कारण लेन्समधली पाकळ्यांची झडप. प्रत्येक फोटोला ती मिटते आणि दरवेळी किंचित वेगळी मिटते. उपाय: जुनी, हाताने रिंग फिरवायची ५० मिलिमीटरची लेन्स अडॅप्टरने लावली. एफ ८ वर ठेवली की तिथेच राहते. लुकलुक जवळजवळ गेली.

बाकीची लुकलुक माणसांची निघाली. पांढरा सदरा घातलेला माणूस फोटोच्या वेळी सेटजवळ असला की उजेड उलटून येतो. दोघांनीही काळे कपडे घालायचे, फोटो काढताना फरशीवर खडूने आखलेल्या चौकोनात उभं राहायचं. पडवीला काळं कापड, त्याच्या शिवणीवरही पट्टी.

लेन्स मावळ्याच्या छातीच्या उंचीवर, बैठकीपासून आठ सेंटिमीटर. उभ्याने पाहिलेला किल्ला खेळणं वाटतो, तिथून पाहिलेला गड वाटतो.

२१ सप्टेंबर

पहिला खरा शॉट. खोक्याचं झाकण सरकतं. १९ फोटो. संध्याकाळी वीज गेली, इन्व्हर्टरवर दिवे आले पण पिवळट, ते सहा फोटो फेकले. यापुढे वीज गेली की थांबायचं.

२५ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर

हळीव. हे काम न्हाणीशेजारच्या खोलीत, जुन्या मोबाइलवर, मुख्य शूटिंगला समांतर.

थाळा ४० बाय २५ सेंटिमीटर, प्लास्टिक अंथरून तीन सेंटिमीटर माती. उतार मुद्दाम ४० अंशांचा. हळीव भिजवून पेरायचा नाही. कोरडा पेरायचा, ओल्या मातीवर, आणि फवाऱ्याने धुकं मारायचं. दाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं, त्यानेच तो उतारावर चिकटतो. मोहरी घरंगळून खाली गोळा झाली, ती बाद.

दर ४५ मिनिटांनी एक फोटो. सहा दिवसांचे १४४ तास, म्हणजे १९२ फोटो. हे एकेकच फ्रेम दाखवायचे, बरोबर आठ सेकंद. मावळ्याची हालचाल अडखळती आणि गवताची सुळसुळीत, हा फरक हवाच आहे. गवत आपोआप वाढतं, मावळ्याला मात्र प्रत्येक पाऊल उचलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी लव दिसली आणि बुरशी समजून थाळा बदलायची तयारी झाली. फवारा मारल्यावर लव दिसेनाशी झाली. ती मुळांची केसाळ लव होती, पाण्याने ती खाली बसते. बुरशी असती तर तिचं जाळं दाण्यादाण्यांत पसरलं असतं आणि कुबट वास आला असता.

तिसऱ्या दिवशी सगळे कोंब डावीकडे झुकले, कारण दिवा डावीकडे होता. उजवीकडे तेवढ्याच ताकदीचा दुसरा लावला. पुढच्या १५ तासांत, म्हणजे २० फोटोंत, कोंब सरळ झाले. ही चूक काढून टाकली नाही. पडद्यावर सगळं गवत एकदा मान वाकडी करून कोणाची तरी वाट पाहतं आणि मग सरळ उभं राहतं. एवढं सुंदर ठरवून जमलं नसतं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे असेच थोडे थोडे तुकडे टिपले आणि 'अंकुराची वाढ' ही इवलीशी फिल्म केली. ती दाखवून त्यांनी पुढच्या कामाला पैसा उभा केला. नंतर १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' ही काड्या हलवून केलेली फिल्मही त्यांचीच. मोबाइलच्या घड्याळावर फोटो आपोआप निघताना पाहिलं की हाताने कॅमेरा फिरवणाऱ्या त्या माणसाबद्दलचा आदर आणखी वाढतो.

५ ऑक्टोबर

चढण. सपाटीवर एका पावलाला सहा पोझ, चढावर दहा. पाय उचलण्याआधी दोन पोझ कंबर दुसऱ्या पायावर सरकवायची. हे विसरलं की मावळा तरंगतो आणि त्याला वजन राहत नाही. पाऊल निघताना दोन-तीन मिलिमीटर, मध्ये एक सेंटिमीटर, टेकताना परत दोन-तीन.

दरवाजाच्या चौथ्या पायरीवर उजवा घोटा तुटला. दोन दिवसांत तो चारेकशे वेळा वाकला होता. ॲल्युमिनियम वाकून वाकून कडक होतं आणि कडक झालं की तुटतं. दुसरा मावळा काढला, पण उभा राहण्याची ढब जुळेना. स्क्रीनवर आधीची फ्रेम पुसट ठेवून तिच्यावर नवा मावळा बसवायला दीड तास गेला. तिसरा सांगाडा आजच केला. पुढच्या वेळी घोट्याचा तुकडा वेगळा, बदलता येईल असा करायचा.

भाला मोडलेला असल्याने उजव्या हातात नुसता दांडा. तो टेकत चढताना दांडा दरवेळी पायाच्या एक पोझ आधी टेकवला. एवढ्याने मावळा म्हातारा आणि निग्रही, दोन्ही दिसायला लागला.

९ ऑक्टोबर

पणती. खरी ज्योत चालत नाही: प्रत्येक फोटोत वेगळीच येते आणि शेजारची माती मऊ पडते. पिवळ्या जिलेटिन कागदाच्या सहा ज्योती कापल्या, खालून पिवळसर एलईडी. क्रम १-४-२-६-३-५, पुढच्या फेरीत ४-१-५-२-६-३. एकच क्रम फिरवला की डोळ्याला चक्र कळतं.

माथ्यावरच्या शेवटच्या २२ सेकंदांत प्रत्येक पोझचे दोन फोटो: एक फक्त निळसर पहाटेच्या उजेडात, एक फक्त पणतीच्या. २६४ पोझ, ५२८ फोटो. दोन्ही संगणकावर एकमेकांवर मिसळले की पणतीचा उजेड हवा तेवढा थरथरवता येतो. मधला एक जरी फोटो चुकीच्या दिव्यात निघाला तर पुढच्या सगळ्या जोड्या सरकतात, म्हणून दुसऱ्याने मोठ्याने "निळा, पिवळा" म्हणत राहायचं.

दूरचा भुईनळा: काळा रंग दिलेल्या प्लास्टिकवर सुईने भोकं, मागून उजेड, १८ तुकडे. झाला.

१२ ऑक्टोबर

आवाज. मावळ्याची पावलं म्हणजे कापडी पिशवीत घातलेले तांदूळ. दांडा म्हणजे पणतीवर लाकडी चमचा, उशीखाली दाबून. पहाटे पावणेपाचला अंगणातला सडा, खराटा आणि लांबून एसटीचा घरघराट रेकॉर्ड केला. माथ्यावर संगीत नाही, फक्त वारा, आणि मग एकच सूर सनईचा.

वाक्य एकच, चौकटीबाहेरून, शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीचं: "आजी, किल्ल्यावर पणती कोणी लावली गं?" पूर्ण वाक्य पाठ करून म्हटलं की शाळेतल्या कवितेसारखं येत होतं. तीन तुकड्यांत म्हणवून घेतलं. "किल्ल्यावर" नंतर तिने स्वतःच श्वास घेतला, तो ठेवला.

१५ ऑक्टोबर

जोडणी. चढणीतले ११ फोटो काढून टाकले, बोट दिसत होतं. एका फ्रेममध्ये करंगळीची सावली आहे, ती ठेवली. आजीचं उत्तर रेकॉर्ड केलं होतं, ते काढलं. प्रश्नानंतर चार सेकंद मावळा नुसता उभा आहे, पापणी एकदा मिटते.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

अंगणात पडदा म्हणून पांढरी चादर, खालच्या काठाला बांबू. बांबू बांधला नव्हता तोवर वाऱ्याने गड हलत होता. प्रोजेक्टरचा काळा रंग करडा येतो, म्हणून पहाटेच्या दृश्यांची फाइल आधीच थोडी उजळ काढून ठेवली होती, ती लावली. तीनदा दाखवलं. तिसऱ्या वेळी पोरं दांडा टेकण्याचा आवाज तोंडाने काढत होती.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, आज आवराआवर. तेलाच्या मातीचे मावळे वर्तमानपत्रात गुंडाळायचे नाहीत, शाई मातीत उतरते. बटर पेपरमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवले, पाय सरळ, घोट्यांवर ताण नको. पापण्या काड्यापेटीत वेगळ्या. हळीव कापून थाळा धुतला. किल्ल्याचा उजवा बुरुज पोरांनी मागितला, तो दिला.